खुर्चीची मुदत

७ मार्च २०२५, शुक्रवार. इंडसइंड बँकेने शेअर बाजारांना एक छोटंसं पत्र पाठवलं. बोर्डाने एमडी सुमंत कठपालिया यांच्यासाठी तीन वर्षांची फेरनेमणूक मागितली होती, रिझर्व्ह बँकेने एकच वर्ष मंजूर केलं. पत्रात एवढंच. पेपरात ती बातमी आतल्या पानावर आली आणि बहुतेकांनी ती ओलांडून पुढे वाचलं असेल. मी मात्र चहा बाजूला ठेवून ते पत्र दोनदा वाचलं. माझी सगळी नोकरी एका खासगी बँकेच्या सेक्रेटेरियल विभागात गेली. बोर्डाचा अजेंडा, मिनिट्स, रिझर्व्ह बँकेला जाणारी पत्रं, बाजाराला द्यायच्या सूचना, हेच माझं काम. बोर्डाने तीन मागावीत आणि आरबीआयने एक द्यावं, याचा अर्थ आरबीआयला शंका आहे, हे त्या विभागातल्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही.

सोमवारी, १० तारखेला, बँकेने जाहीर केलं की डेरिव्हेटिव्हच्या (चलन, व्याजदर अशा गोष्टींवर बेतलेल्या करारांच्या) हिशेबात तफावत सापडली आहे आणि तिचा फटका नेटवर्थच्या, म्हणजे बँकेच्या निव्वळ मालमत्तेच्या, सुमारे २.३५ टक्के बसेल. मंगळवारी शेअर एका दिवसात २७ टक्के पडला. एप्रिल संपायच्या आत कठपालिया यांनी राजीनामा दिला.

मला त्यात नवल वाटलं नाही, राग आला. कारण हा क्रम मी आधी पाहिला होता, २०१८ साली, एकाच वर्षात तीन बँकांमध्ये. दर वेळी बोर्डाचा आपल्या माणसावर पूर्ण विश्वास होता, आणि शंका आली ती बाहेरून.

ॲक्सिसपासून सुरुवात करते, कारण ते प्रकरण त्यातल्या त्यात सौम्य होतं. शिखा शर्मा २००९ पासून एमडी. बोर्डाने जून २०१८ पासून आणखी तीन वर्षांसाठी त्यांची नेमणूक मंजूर केली, ही त्यांची चौथी टर्म. मधल्या काळात आरबीआयच्या तपासणीत बँकेने दाखवलेली थकीत कर्जं आणि तपासनिसांना दिसलेली थकीत कर्जं यांत दोन वर्षं लागोपाठ मोठा फरक निघाला होता. एप्रिलमध्ये शर्मा यांनी स्वतःच मुदत कमी करून मागितली आणि डिसेंबरअखेर त्या गेल्या. त्यांच्या सचोटीबद्दल कुणी बोट दाखवलं नाही, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. पण चौथ्या टर्मचा कागद बोर्डापुढे आला तेव्हा थकबाकीच्या त्या फरकाबद्दल कुणी काय विचारलं असेल, हे मला अजूनही जाणून घ्यायचं आहे.

आयसीआयसीआयचं प्रकरण जास्त बोचरं. चंदा कोचर १९८४ मध्ये ट्रेनी म्हणून लागल्या आणि २००९ मध्ये एमडी झाल्या. बँकेत काम करणाऱ्या माझ्या पिढीच्या बायकांना त्यांच्याबद्दल काय वाटत होतं ते शब्दांत सांगणं अवघड आहे. लोकलने घरी जाताना आम्ही त्यांच्याबद्दल बोलायचो, त्यांच्या साड्यांबद्दलही बोलायचो. व्हिडिओकॉनला दिलेलं ३,२५० कोटींचं कर्ज आणि त्यांच्या पतीच्या कंपनीचे व्हिडिओकॉनच्या प्रवर्तकांशी असलेले व्यवहार यांचा प्रश्न वर आला, तेव्हा मार्च २०१८ च्या शेवटच्या आठवड्यात बोर्डाने निवेदन काढून एमडींवर पूर्ण विश्वास जाहीर केला. चौकशी नंतर नेमली, मेअखेरीस. जूनमध्ये कोचर रजेवर गेल्या, ४ ऑक्टोबरला पद सोडलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या अहवालात आचारसंहितेचा भंग झाल्याचा निष्कर्ष आला. आधी विश्वास आणि मग चौकशी, हा क्रम कुठल्या नियमात बसतो? आमच्याकडे साध्या कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये पाचशे रुपये कमी आले तर आधी मोजणी व्हायची, विश्वास नंतर. (फौजदारी प्रकरण वेगळं आहे. तिथली अटक मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. मी बोलते आहे ती बोर्डाच्या वागण्याबद्दल.)

आणि तिसरी, येस बँक.

येस बँक २००४ साली सुरू झाली. राणा कपूर आणि अशोक कपूर हे दोघे साडू, दोघेही कसलेले बँकर. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात अशोक कपूर नरिमन पॉइंटच्या ओबेरॉय–ट्रायडंटमध्ये मारले गेले. त्यानंतर बँकेत एकच कपूर उरले. अशोक यांच्या पत्नी मधू कपूर यांना बोर्डावर आपल्या बाजूचा डायरेक्टर नेमण्याचा हक्क हवा होता. त्यासाठी २०१३ मध्ये त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. या खटल्याकडे लोक घरगुती भांडण म्हणून पाहतात. मी तसं पाहत नाही. एका प्रवर्तकाच्या बँकेत दुसऱ्या प्रवर्तकाचा माणूस टेबलाशी बसणं, ही त्या बँकेतली सगळ्यात उपयोगी अडचण ठरली असती. ती अडचण बरीच वर्षं दाराबाहेर राहिली.

मार्च २०१४ मध्ये येस बँकेची कर्जं सुमारे ५५ हजार कोटी होती. मार्च २०१९ मध्ये सुमारे २ लाख ४१ हजार कोटी. पाच वर्षांत चौपटीहून जास्त. आमच्या बँकेच्या क्रेडिट कमिटीतले लोक हे आकडे बघून हळहळायचे, की आपण मागे पडलो. इतर बँका ज्या ग्राहकाला नकार देत, तो येस बँकेकडे जाई, आणि तिथे जास्त व्याज आणि भरघोस प्रोसेसिंग फी देऊन त्याचं काम होई. फीचं उत्पन्न त्याच तिमाहीत दिसतं. कर्ज बुडायला दोन-तीन वर्षं लागतात. मधल्या काळात नफा वाढतो, शेअर वाढतो, ईसॉप्सची (कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या शेअर-हक्कांची) किंमत वाढते, मासिकांच्या मुखपृष्ठावर फोटो येतो. असं यश वर्षानुवर्षं मिळालेल्या माणसाला समोरून 'हे जरा थांबवू या' कोण म्हणणार?

हे कसं घडतं ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून जवळून सांगते.

बोर्डाच्या बैठकीचा अजेंडा सात दिवस आधी जायला हवा. जातोही. चारशे-पाचशे पानांची फाईल, हल्ली टॅबवर. पण सगळ्यात मोठं, सगळ्यात नाजूक प्रकरण त्या फाईलमध्ये बऱ्याचदा नसतं. ते 'टेबल आयटम' म्हणून येतं, म्हणजे बैठकीच्या दिवशी थेट टेबलावर. दुपारचे दोन वाजलेले असतात, दिल्लीच्या डायरेक्टरांची फ्लाइट साडेपाचची असते, बारा पानांची नोट हातात पडते आणि एमडी म्हणतात, "क्लायंटला आज उत्तर द्यायचं आहे." एवढ्या वेळात माणूस पहिलं आणि शेवटचं पान वाचतो. शेवटच्या पानावर ठराव तयारच असतो.

मिनिट्स पंधरा दिवसांत मसुदा म्हणून फिरतात आणि सात दिवसांत हरकती घ्यायच्या असतात. हरकती जवळजवळ येतच नाहीत. पाऊण तासाची बाचाबाची 'सविस्तर चर्चेनंतर मंजूर' एवढ्या एका ओळीत मावते. ती ओळ असंख्य वेळा माझ्या हातून लिहिली गेली आहे आणि ती कायद्याने बरोबरच असते.

आमच्या बोर्डावर एक शेतीचे डायरेक्टर होते. बँकिंग कायद्याच्या कलम १०-अ प्रमाणे बोर्डावर शेती, ग्रामीण अर्थव्यवस्था, सहकार किंवा लघुउद्योग जाणणारी माणसं असावीच लागतात, त्या कोट्यातून आलेले. कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले गृहस्थ, मराठवाड्याकडचे. इतर मंडळी त्यांना ऊस-पाण्याच्या विषयापुरते धरायची. एकदा एका बिल्डर गटाच्या कर्जाचं टेबल आयटम आलं. जुन्या कर्जाचं व्याज थकू नये म्हणून त्याच गटाच्या दुसऱ्या कंपनीला नवं कर्ज, अशी सरळ गोष्ट होती, फक्त नोटमध्ये ती सरळ लिहिलेली नव्हती. या सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, "या कंपनीची स्वतःची कमाई काय? हे पैसे येतील कुठून?" एमडींनी हसून ग्रुपच्या जमिनींची यादी सांगितली. सर म्हणाले, "जमीन विचारली नाही मी. कमाई विचारली." खोलीत कुणी काही बोललं नाही. ठराव झालाच. बैठक संपल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. "बाई, माझा प्रश्न मिनिट्समध्ये शब्दशः घ्या. मसुद्यात नसला तर मी लेखी पाठवीन." मी घेतला. मसुदा वरून परत आला तेव्हा त्यावर खूण होती, ओळ काढायची. सरांनी लेखी पाठवलं. मग ती ओळ राहिली. ते कर्ज पुढे बुडालं, आणि तपासणीला आलेल्या आरबीआयच्या अधिकाऱ्यांनी त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली.

त्यांची आठ वर्षं पूर्ण झाली आणि कायद्याप्रमाणे ते गेले. त्यांच्या जागी जे आले ते शेतीचेच होते, पण एमडींच्या ओळखीतले होते. प्रश्न बंद झाले. आपल्यावर नजर ठेवायला कोण बसेल हे जो ठरवू शकतो, त्याच्या हातात बँक असते. भागभांडवल किती टक्के, पद काय, हे त्यापुढे दुय्यम.

येस बँकेकडे परत येते. जून २०१८ मध्ये भागधारकांनी राणा कपूर यांच्या तीन वर्षांच्या फेरनेमणुकीला मंजुरी दिली. तोवर आरबीआयच्या तपासणीत २०१५-१६ साठी सुमारे ४,१७६ कोटी आणि २०१६-१७ साठी सुमारे ६,३५५ कोटींची थकीत कर्जं बँकेने न दाखवलेली निघाली होती, आणि हे आकडे जाहीर होते. सप्टेंबरमध्ये आरबीआयने कळवलं की ३१ जानेवारी २०१९ नंतर मुदत नाही. शुक्रवारी, २१ सप्टेंबरला, शेअर एक चतुर्थांशाहून जास्त पडला. आणि बोर्डाने काय केलं? २५ तारखेला बसून आणखी मुदत मागायचं ठरवलं. आरबीआयने पुढे नकार दिला. बोर्ड बसलं त्याच आठवड्यात कपूर यांनी ट्विट केलं, की हिरे कायमचे असतात, आपले प्रवर्तक-शेअर अनमोल आहेत, ते तिन्ही मुलींना देऊ आणि त्यातला एकही विकू नका असं सांगून ठेवू. पुढच्या वर्षी नोव्हेंबरपर्यंत त्यांच्या नावावर ९०० शेअर उरले होते.

मला त्या माणसाची महत्त्वाकांक्षा वाईट वाटत नाही. शून्यातून बँक उभी करायला ती लागतेच. आदित्य पुरी १९९४ मध्ये मलेशियातली सिटीबँकेची नोकरी सोडून मुंबईत आले आणि एचडीएफसी बँक सव्वीस वर्षं चालवून ऑक्टोबर २०२० मध्ये सत्तरीच्या नियमाने निवृत्त झाले. तीही दांडगी महत्त्वाकांक्षाच होती, आणि संध्याकाळी वेळेत घरी जाणारी होती. उदय कोटक यांनी प्रवर्तकाचा हिस्सा कमी करण्यावरून आरबीआयला थेट उच्च न्यायालयात खेचलं होतं, आणि तरी १ सप्टेंबर २०२३ ला मुदतीच्या चार महिने आधी खुर्ची सोडली. तेव्हा फार वर्षं बसलेला प्रत्येक जण बँक बुडवतो असं मी म्हणणार नाही. पण चांगला माणूस मिळणं हा नशिबाचा भाग आहे, आणि ठेवीदाराचे पैसे नशिबावर ठेवायचे नसतात. म्हणून एप्रिल २०२१ मध्ये आरबीआयने खासगी बँकांच्या एमडींना कमाल पंधरा वर्षं आणि प्रवर्तक असेल तर साधारण बारा वर्षं अशी मर्यादा घातली, तिचं मी मनापासून स्वागत केलं. त्याच परिपत्रकात ऑडिट कमिटीत फक्त बिगर-कार्यकारी डायरेक्टर बसतील असंही आहे. हे वाक्य दहा वर्षं आधी आलं असतं तर किती बरं झालं असतं.

येस बँकेचे नवे एमडी रवनीत गिल मार्च २०१९ मध्ये आले, पहिल्याच तिमाहीत १,५०६ कोटींचा तोटा दाखवला, भांडवल शोधत वर्षभर फिरले. जानेवारी २०२० मध्ये ऑडिट कमिटीचे अध्यक्ष उत्तम प्रकाश अग्रवाल यांनी कारभाराबद्दल तक्रारी मांडून राजीनामा दिला. बँकेचं म्हणणं होतं की त्यांच्याच पात्रतेची तपासणी चालू होती. ५ मार्चला संध्याकाळी निर्बंध आले, एका खात्यातून ५० हजारांपेक्षा जास्त काढता येणार नाही. फोनपे त्या रात्री बंद पडलं, कारण त्यांचे व्यवहार येस बँकेतून जायचे. पिंपरी-चिंचवड महापालिकेचे नऊशे कोटींहून अधिक रुपये तिथे अडकले. करदात्यांचा पैसा, आणि तो जास्त व्याजासाठी एका खासगी बँकेत. ८ मार्चला राणा कपूर यांना ईडीने अटक केली. चार वर्षांनी, एप्रिल २०२४ मध्ये, ते जामिनावर सुटले. खटल्यांचा निकाल न्यायालय देईल.

स्टेट बँकेच्या पुढाकाराने आठ वित्तसंस्थांनी भांडवल घातलं आणि १८ मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवस. ठेवीदारांचा एक पैसा बुडाला नाही, हे मोठं काम झालं. पण त्याच काळात भांडुपची पीएमसी ही सहकारी बँक सप्टेंबर २०१९ पासून बंद अवस्थेत होती. पहिल्या दिवशी तिथल्या खातेदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढायची मुभा मिळाली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांना दहा वर्षांपर्यंतचं वेळापत्रक मिळालं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांची निवृत्तीची सगळी रक्कम त्यात आहे. त्यांचं वय आता ऐंशीच्या वर आहे. मोठ्या बँकेचा माणूस मोठी चूक करतो तेव्हा व्यवस्था धावते, आणि लहान बँकेत तेच घडतं तेव्हा ज्येष्ठ नागरिक फलक घेऊन आझाद मैदानात बसतात. हे मला पचत नाही.

येस बँकेतसुद्धा सगळे वाचले नाहीत. ८,४१५ कोटींचे एटी-१ बाँड (बँकेच्या भांडवलात धरले जाणारे कर्जरोखे) शून्यावर आणले गेले. सेबीच्या चौकशीत निघालं की बँकेने हे बाँड हजाराहून अधिक सामान्य ग्राहकांना विकले होते, त्यातल्या अनेकांना ठेवीसारखेच सुरक्षित म्हणून. सुपर एफडी, असं नाव वापरून. एफडी मोडून त्यात पैसे टाकलेल्या माणसाला कोण सांगणार होतं की हे कर्जरोखे आहेत आणि बँक अडचणीत आली तर आधी हेच पुसले जातील? जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाँड शून्यावर आणण्याची ती कृती रद्द ठरवली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. विकणाऱ्या रिलेशनशिप मॅनेजरला टार्गेट होतं. टार्गेट त्याला शाखेने दिलं होतं, शाखेला झोनने, आणि झोनला ज्या मजल्यावरून मिळालं तिथे बोर्डरूमही असते.

म्हणून मी निवृत्तीनंतर एक काम लावून घेतलं आहे. बँकांचे वार्षिक अहवाल जून-जुलैत येतात. नफ्याचं पान मी शेवटी बघते. आधी कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा भाग: कोणता स्वतंत्र डायरेक्टर मुदतीआधी गेला, कारण 'वैयक्तिक' लिहिलं आहे का, रिस्क कमिटीच्या बैठकांना कोण हजर नव्हतं, एमडींच्या फेरनेमणुकीला बोर्डाने किती वर्षं मागितली आणि किती मिळाली. हे सगळं तिथे छापलेलं असतं आणि त्यासाठी सीए असावं लागत नाही.

दुसरी गोष्ट मतदानाची. २०१८ च्या जूनमध्ये येस बँकेच्या एमडींना तीन वर्षं देणारी मतं आकाशातून पडली नव्हती. अशा बँकांचे मोठे भागधारक म्हणजे एलआयसी, म्युच्युअल फंड, विदेशी संस्था. त्यातल्या फंडांमध्ये आपली एसआयपी असते. म्हणजे मत आपल्या पैशाचं असतं, देतं दुसरं कुणी. सेबीच्या नियमाप्रमाणे फंडांना आता अशा ठरावांवर मत द्यावंच लागतं आणि कसं दिलं ते कारणासह वेबसाइटवर टाकावं लागतं. मी ती पानं उघडून बघते. 'अनुकूल' आणि पुढे एका ओळीचं ठराविक कारण, असंच बहुतेक ठिकाणी असतं. माझे पैसे ज्या फंडांत आहेत त्यांना मी ईमेल करून विचारलं, की खासगी बँकांच्या एमडींच्या फेरनेमणुकीला हो म्हणण्याआधी तुम्ही थकीत कर्जांतला फरक पाहता का, आणि बँकेच्या बोर्डाला प्रश्न विचारता का. एका फंडाचं उत्तर आलं, बऱ्यापैकी तपशिलात. दुसऱ्याकडून तक्रार क्रमांक आला आहे, उत्तर नाही. सोमवारी पुन्हा लिहिणार आहे, आणि या वेळी त्यांच्या ट्रस्टींना सीसी ठेवणार आहे.